डाव्या हातातला चमचा

हाजी जासिमांनी चमचा तिसऱ्यांदा फेकला. भात माझ्या पांढऱ्या कोटावर, चमचा शेजारच्या पलंगाखाली.

"अनकोऑपरेटिव्ह," आमचे इंग्रज बॉस म्हणाले आणि चार्टवरही तेच लिहिलं. "तीन आठवडे देतो. प्रोग्रेस नसेल तर फिजिओ बंद. घरी पाठवू."

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. बहारीनमधल्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट होतो. हाजी मुहर्रकचे, सत्तरीचे, होड्या बांधणारे. शिडीवरून पडून डोक्याला मार लागला. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली, पण समजत सगळं होतं. त्या वयात फिजिओ बंद होणं म्हणजे कायमचं अंथरूण.

मी पुस्तकाबरहुकूम चाललो होतो. एक हात गेला तर आधी चांगल्या हाताला कामाला लावायचं. म्हणून डाव्या हातात चमचा. दहा दिवस म्हातारा तोंड फिरवत होता. मलाही वाटू लागलं, माणूस हट्टीच.

संध्याकाळी त्यांचा मुलगा खलील आला. आपल्या लोकांत वावरून तो बऱ्यापैकी हिंदी बोलायचा. आम्हा सगळ्यांना तो रफीक, म्हणजे दोस्त, अशीच हाक मारायचा. मी चमचा कुठल्या हातात देतोय ते पाहून त्याने कपाळाला हात लावला.

"ये हाथ? रफीक, मेरा बाप भूखा मर जाएगा, ये हाथ से नहीं खाएगा!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिपळूणला लहानपणी डावा हात ताटाकडे गेला की आई चापट मारायची. अंगात कोट चढल्यावर मी ते साफ विसरलो होतो.

उजव्या हाताची बोटं किंचित हलत होती. मी खलीलला म्हटलं, "कल घर से गावा लाओ." गावा म्हणजे त्यांची वेलचीची कॉफी. ती फिंजानमध्ये देतात, म्हणजे बिनकानाच्या इवल्याशा कपात. पाहुणा कप हलवून 'पुरे' म्हणेपर्यंत यजमान ओततच राहतो. तेच हलवणं मनगटाचा उत्तम व्यायाम होता.

हाजींच्या उजव्या हातात फिंजान, त्याखाली माझा हात. खलील घोटघोट ओतायचा, शेवटी मी त्यांचं मनगट हलवायचो. आता मात्र हाजी एकदाही तोंड फिरवत नव्हते. रोज माझा हात थोडा सैल करत गेलो.

एकविसाव्या दिवशी बॉस राउंडला आले. खलीलने एकदा ओतलं, दुसऱ्यांदा ओतलं. मी हात काढून घेतला. खलील तिसऱ्यांदा वाकला, आणि फिंजान डुगडुगला. डावीकडे, उजवीकडे. हाजींनी स्वतः हलवला होता.

"खलास!" खलील ओरडला आणि रडायलाच लागला.

"व्हॉट हॅपन्ड?" बॉसनी विचारलं.

"सर, ते म्हणतायत, पुरे."

बॉसनी पेन काढून चार्टवरचा तो शब्द खोडला. फिजिओ चालू राहिला. चार महिन्यांनी हाजी काठी टेकत घरी गेले, तेव्हा जाड मुठीच्या चमच्याने उजव्या हाताने भात खात होते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत अभिमानाने सांगावं असं काय, कुणी विचारलं तर मी हेच सांगतो.

नव्या पोरांना एवढंच सांगतो, पेशंट ऐकत नाही असं लिहिण्याआधी आपण त्याला काय करायला सांगतोय, ते एकदा स्वतःच्या आईला सांगून बघा.