बरे झालेल्यांची ओसरी

माझ्या थोरल्या बहिणीच्या छातीत गाठ निघाली, तेव्हा शहरातल्या डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन करायला सांगितलं. ती घाबरली आणि पाचोडकडं झाडपाल्याचं औषध देणाऱ्या एका माणसाकडं जायला लागली. मी एकदा सोबत गेले. त्याच्या ओसरीवर बसलेला जो तो आपण कसे बरे झालो तेच सांगत होता.

"इतकी माणसं खोटं बोलतील व्हय?" ती म्हणाली.

"ताई, जी बरी झाली नाहीत ती इथं कशाला येतील?"

तरी ती औषध त्याचंच घेत राहिली. ऑपरेशनला तयार झाली तोवर दुखणं हाडांत पोचलं होतं. दिवाळीआधी ती गेली.

तेरावं झाल्यावर दाजी एकटेच त्या ओसरीवर गेले. "माझी बायको याचंच औषध घेत होती. ती मेली," त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

मग एक बाई हळूच म्हणाली, "पथ्य पाळलं नसंल तिनं." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

घरी येऊन दाजींनी हे सांगितलं आणि भिंतीकडं तोंड करून ते आडवे झाले. त्या औषधापायी ताईनं मीठसुद्धा सोडलं होतं.