टीव्हीवर न दिसणारी कंपनी

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याला दिगंबरची पिठाची गिरणी आहे, आणि गिरणीला खेटून एक नारिंगी छत्री. छत्रीखाली घडीचं टेबल आणि प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या. एक खुर्ची शर्मिला ओव्हाळची, दुसरी ज्याचा फोन बिघडलाय त्याची. गिरणीत दळण टाकलं की बायका त्या दुसऱ्या खुर्चीत येऊन बसतात. "ताई, हा फोटो जात का नाही बघा", "ताई, आवाज बारीक झालाय", असं चालू होतं आणि दळण होईपर्यंत फोन दुरुस्त होतो. त्यातल्याच चारदोन जणी पुढे 'साद'चं सिमकार्ड घेतात. शर्मिलाचा धंदा असाच वाढला. सगळे तिला सिमवाल्या ताई म्हणतात.

आधी ती एका छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर लग्नाच्या पत्रिका जुळवायची. मग लोक पत्रिका फोनवरच पाठवायला लागले आणि दुकान बसलं. तेव्हा तिच्या मनात आलं, सगळं जर फोनमध्येच जाणार असेल, तर आपणही तिकडेच जावं.

'साद मोबाइल' ही नव्या तऱ्हेची कंपनी. तिचे स्वतःचे टॉवर नाहीत. दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या टॉवरवर भाड्याने राहायचं, झगमगीत दुकानं काढायची नाहीत, जाहिरात करायची नाही आणि वाचलेला खर्च दरातून कमी करायचा, असा सगळा मामला. हडपसरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये शर्मिलाचं ट्रेनिंग झालं, तेव्हा राकेश साहेबांनी हे गणित पांढऱ्या फळ्यावर मांडून दाखवलं होतं. राकेश साहेब म्हणजे पुणे विभागाचे विक्री अधिकारी. वयाने तिच्यापेक्षा लहान, पण साहेब. "कोणी विचारलं स्वस्त का, तर एवढंच म्हणायचं," ते म्हणाले होते, "आम्हाला कधी टीव्हीवर पाहिलंय का?"

शर्मिलाला हे वाक्य इतकं आवडलं की परतीच्या बसमध्ये ती ते वेगवेगळ्या आवाजात मनात म्हणून बघत होती.

त्या वाक्याची खरी परीक्षा धोंडिबाकाकांनी घेतली. काका महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. वस्तीतल्या कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं हे वर्षानुवर्षं त्यांच्या हातात. निवृत्त झाले, तरी नळ कोरडा पडला की लोक अजून त्यांनाच फोन करतात. त्यामुळे त्यांचा नंबर सगळ्या वस्तीला पाठ आणि काकांचा शब्दही सगळ्या वस्तीला चालतो. पण माणूस महासंशयी. केळी स्वस्त मिळाली तरी सालं दाबदाबून बघणार.

"स्वस्त का आहे हे?" त्यांनी सिमकार्ड उलटंसुलटं करत विचारलं होतं. "कुठंतरी गळती असणार."

"काका, ह्यांना कधी टीव्हीवर पाहिलंय का?"

काका बराच वेळ आठवत राहिले. "नाही बा."

"तेच तर. जाहिरातीचा सगळा पैसा वाचला. तो तुमच्या दरातून कमी."

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे गळतीच बंद केली म्हण की त्यांनी!"

त्या दिवशी काकांनी नंबर तोच ठेवून कंपनी बदलली. पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्यांनी हे गळतीचं प्रकरण सगळ्यांना समजावून सांगितलं, हाताने व्हॉल्व्ह फिरवून दाखवत. मग काय, अख्खी गल्ली शर्मिलाच्या छत्रीखाली. तिने एकाला सांगितलं होतं आणि काकांनी सगळ्यांना. पण शब्द तिचा होता, हे ती जाणून होती. वस्तीत कोणी 'साद'चं नाव काढलं की पुढचं वाक्य ठरलेलं असायचं, "शर्मिलाने सांगितलंय."

आणि मग ह्या वर्षी सगळ्या विक्रेत्यांना पुन्हा हडपसरला बोलावणं आलं. तोच हॉल, पण ह्या वेळी फळा नव्हता. मोठा पडदा होता. दिवे मालवले आणि पडद्यावर जाहिरात सुरू झाली.

एक नवरदेव घोड्यावर बसून वरातीत चाललाय. फोन वाजतो. नवरदेव फोन उचलतो, काही ऐकतो आणि लाजतो. घोडा मान वळवून हसतो. मग आकाशात नारिंगी पतंगच पतंग. शेवटी अक्षरं आली, 'साद. आता सगळ्यांची.'

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट. शर्मिलानेही वाजवल्या, सगळे वाजवत होते म्हणून. मग तिच्या मनात प्रश्नांची रांग लागली. दर कुठे सांगितला? फोन कोणाचा होता? घोडा का हसला? आणि ही जाहिरात नक्की कुठे लागणार?

"टीव्हीवर," राकेश साहेबांनी स्वतःच सांगून टाकलं. "क्रिकेटच्या सामन्यात."

शर्मिलाने हात वर केला. "पण साहेब, आपण तर टीव्हीवर दिसत नाही म्हणून स्वस्त आहोत ना?"

मागून कोणीतरी हसलं. राकेश साहेबही हसले. "ताई, ती फेज वन होती. आता फेज टू."

"मग दर वाढणार?"

"ताई, निगेटिव्ह विचार नको. हे ब्रँड बिल्डिंग आहे."

"नाही, पण फेज वनवाल्यांना मी काय सांगू?"

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "अभिनंदन सांगा," म्हणाले आणि जेवण लागल्याचं जाहीर केलं.

जेवणात बासुंदी होती. शर्मिलाला ती गोड लागली की नाही, हे घरी आल्यावर तिला सांगता येईना.

जाहिरात लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती छत्री उघडते न उघडते तोच दिगंबर गिरणीतून पिठाने पांढरा होऊन बाहेर आला. "ताई, अभिनंदन! टीव्हीवर आली की तुमची कंपनी. पण घोडा का हसला हो?"

"मला काय विचारता दिगंबरभाऊ, घोड्याला विचारा."

"माझी बायको म्हणते, बिल बघून हसला."

दिवसभर हेच. कोणी खुशीत, कोणी गालातल्या गालात, कोणी गप्प. ह्या गप्प लोकांची तिला धास्ती वाटली. दळण टाकून दोघी जणी खुर्चीत न बसता गिरणीच्या पायरीवर बसल्या. शर्मिलाने स्वतःहून विचारलं, "फोन बरा आहे ना?" तर एक म्हणाली, "बरा आहे. काका काय म्हणतात बघू."

काका काय म्हणतात! सगळं घोडं तिथेच अडलं होतं. काका गेले तर गल्ली जाणार आणि गल्ली गेली तर ही छत्री कोणासाठी उघडायची? रात्री तिने फोनवर 'साद'च्या विक्रेत्यांचा ग्रुप वाचून काढला. 'जाहिरात म्हणजे विश्वास', असं राकेश साहेबांनी टाकलं होतं. खाली सगळ्यांचे अंगठे. तिनेही अंगठा टाकला, मग काढला, मग पुन्हा टाकला. जाहिरात नाही म्हणून विश्वास ठेवा, असं सांगणारेही हेच होते. दोन्ही खरं कसं असेल? की एक तेव्हा खरं होतं आणि दुसरं आता खरं आहे? खरेपणाला तारीख असते का?

काका आले ते शनिवारी सकाळी. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, म्हणजे काहीतरी ठरवून.

"जय भीम, पोरी."

"जय भीम, काका. बसा."

काका बसले. फोन काढून टेबलावर ठेवला आणि तिच्याकडे सरकवला. "एक मेसेज पाठवायचाय. माझ्या बोटांना ती बारीक अक्षरं सापडत नाहीत."

शर्मिलाने सवयीने फोन उचलला. "कोणाला?"

"कंपनी सोडायचा असतो ना, पोर्टचा, तो."

तिने निम्मा मेसेज टाइप केलाही होता. मग तिची बोटं थांबली. "काका, मला सोडून जायचा मेसेज माझ्याकडूनच लिहून घेताय?"

"मग कोणाकडून घेऊ?" काका खरोखरच बुचकळ्यात पडले. "फोनचं सगळं तूच करतेस माझं. दुसऱ्याच्या हातात कशाला देऊ?"

शर्मिलाला हसू आलं, पण फोन तिने हातातच धरून ठेवला. नेमक्या त्याच वेळी छत्रीसमोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. सरोजिनीबाई, मागच्या सोसायटीतल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. रोज फिरायला जाताना छत्रीवरून जायच्या, पण आजवर त्यांनी कधी नजर वळवली नव्हती.

"अहो, ती टीव्हीवरची कंपनी म्हणजे हीच ना?"

"हो, काकू."

"मग मला एक कार्ड हवंय. आमच्या मुलाने, सलिलने, परवा सामन्यात जाहिरात दाखवली. म्हटलं, इतका खर्च करतायत म्हणजे भक्कम असणार. इतके दिवस मला वाटायचं, तुम्ही एक दिवस छत्री मिटून पसार व्हाल."

"मी इथेच मागच्या गल्लीत राहते, काकू."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत," असं शर्मिलाच्या ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात काका मध्ये पडले.

"बाई, टीव्हीवर आली म्हणून तुम्ही घेताय. टीव्हीवर आली म्हणून मी सोडतोय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे गळती." काकांनी हवेत व्हॉल्व्ह फिरवला. "आधी बंद होती. आता उघडली. ते पाणी कोणाच्या टाकीतलं? माझ्याच ना?"

"अहो, पण जाहिरातीलाही ज्यांच्याकडे पैसे नाहीत, त्यांच्या भरवशावर आपला नंबर ठेवायचा?"

"आणि ज्यांच्याकडे घोडा हसवायला पैसे आहेत त्यांच्या भरवशावर ठेवायचा?"

सरोजिनीबाईंनी त्यांच्याकडे चष्म्याच्या वरून बघितलं. मग दोघेही एकदमच शर्मिलाकडे वळले.

"तू सांग बाईंना."

"तुम्हीच सांगा ह्यांना. दर वाढणार आहेत का?"

शर्मिलाकडे दोन वाक्यं तयार होती. एक काकांसाठी, जुनं. एक बाईंसाठी, ग्रुपवर आलेलं. दोघं वेगवेगळ्या वेळी आले असते तर तिने ज्याचं त्याला देऊनही टाकलं असतं. पण दोघं एकाच छत्रीखाली होते आणि एकाला दिलेलं वाक्य दुसऱ्याला ऐकू जाणार होतं. गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. तिला वाटलं, वीज जावी. वीज गेली नाही.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"काय?" दोघंही म्हणाले.

"दर वाढतील की नाही, मला माहीत नाही. साहेबांना विचारलं. त्यांनाही माहीत नसावं. आजचा दर आहे तोच आहे. उद्याचं मला कळलं की, काका, पहिला फोन तुम्हाला करीन. आणि हा मेसेजही मीच पाठवीन."

काकांनी व्हॉल्व्ह फिरवणारा हात मांडीवर ठेवला. "तुला आधी कळेल?"

"आधी कळेल की नंतर, तेही माहीत नाही. कळल्यावर दडवणार नाही, एवढंच."

"आण इकडे." काकांनी फोन घेतला, डोळ्यांपासून लांब धरून तो निम्मा मेसेज बघितला. "पुसू नकोस. राहू दे असाच निम्मा. लागला तर उरलेला लिहू."

म्हणजे काका राहिले? की निम्मे राहिले? शर्मिलाला धड सुटल्यासारखंही वाटेना.

सरोजिनीबाईंनी पर्सची चेन ओढली. "तुम्हालाच खात्री नाही, तर मी कशाच्या जोरावर घेऊ? सलिलशी बोलते." आणि त्या निघाल्या.

"गेल्या गं," काका म्हणाले.

"गेल्या."

"माझ्यामुळं?"

"नाही काका. म्हणजे काय माहीत."

रस्त्यापलीकडे, रिक्षा थांब्यापाशी सरोजिनीबाई थांबल्या होत्या. त्यांनी फोन कानाला लावला होता आणि बोलता बोलता त्या मान वळवून छत्रीकडे बघत होत्या. सलिलला घ्यायचं म्हणून सांगत होत्या की नाही म्हणून, इथून काहीच कळत नव्हतं. 'या' असा हात करावा की नको, हे शर्मिलाला ठरवता येईना. तिने हात वर केला खरा, पण तो टेबलाच्या वर फारसा गेला नाही.