कवळी डबीत, पेज ताटात

आमच्या खालच्या मजल्यावरची शिलाईवाली शाळेचे गणवेश शिवते. जिभेला कात्रीची धार, नवऱ्यापुढे मात्र मेण. नवरा निवृत्त बसड्रायव्हर, मधुमेह जुना. बुटाने पायाची करंगळी सोलली आणि जखम भरेना. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "साखर उतरली नाही तर बोट काढावं लागेल. तेवढ्यावर निभावेल अशी हमी मी देत नाही."

घरी येऊन शिलाईवालीने साखरेचा डबा कचऱ्यात ओतला. पाठोपाठ बिस्किटं, जॅम, मध. मुलीने बिनसाखरेच्या चहाला तोंड वाकडं केलं, तर म्हणाली, "चहा गोड हवा की बाप धड हवा?"

तरी साखर चढतीच. सकाळी यंत्रावरचा आकडा बघून ती रडत वर माझ्याकडे यायची. "बाई, घरात साखरेचा कण नाही. हे काय वारा खाऊन गोड होतात?" संशय अर्थातच नवऱ्यावर. त्याचे खिसे उलटे केले, उशी उसवली. तो भडकला, "झडती घ्यायला मी चोर आहे का?"

मला रडारड सोसत नाही. म्हटलं, आधी काय शिजवतेस ते दाखव.

पातेल्यात भात आणि बटाटा घोटून केलेली दाट पेज होती. शेजारी गाळणीत भाजीचा चोथा, डाळीची सालं, टाकायला काढलेली.

"हे का गाळलंस?"

"त्यांना चावत नाही हो! कवळी टोचते, म्हणून डबीतच असते. आणि पेजेने पोट भरतं त्यांचं."

"अगं, घोटलेला भात-बटाटा म्हणजे पोटात गेला की साखरच. साखरेला वेसण घालणारं सगळं तू गाळून टाकलंस."

"म्हणजे त्यांचं बोट मी..."

"रडायचं नंतर. कवळी घे, दातांच्या डॉक्टरकडे चल."

कवळी टोचत होती तिथे घासून नीट बसवून घेतली. मग ताटाचा हिशेब बदलला: अर्ध्यात भाज्या, एका कोपऱ्यात अंडं, मासा किंवा अख्खी कडधान्यं, उरलेल्या कोपऱ्यात मूठभर भात. आज पालकात अंडं, उद्या लिंबू पिळलेला मासा, परवा लसणीवर परतलेली फरसबी. घरात सगळ्यांना तेच. कष्टाला बाई हटली नाही.

पहिल्याच दिवशी ड्रायव्हरने ताट सरकवलं. "गुरांचा चारा! हिरड्या सोलल्या माझ्या. यापेक्षा बोट कापा."

नवऱ्याला जन्मात उलटून न बोललेली ती म्हणाली, "कापतील. मग पाऊल कापतील. मग पाय. मग मी वाढू कोणाला? चावा!"

त्याने चावलं. डोळ्यांतून पाणी, तोंडातून शिव्या.

आकडा उतरू लागला, पण जखम वाट बघत थांबली नव्हती. करंगळी गेलीच. पावलाचं डॉक्टरीणबाई अजून सांगत नाहीत, नुसतं "बघू" म्हणतात. त्या "बघू"ने ती निम्मी झाली आहे.

काल डोकावले, तर ओट्यापाशी पाठ करून उभी होती.

"पेज मागत होते," म्हणाली. "लहान मुलासारखे. एकच वाटी म्हणाले."

"दिलीस?"

"नाही."

आतून चावण्याचा आवाज येत होता. मध्येच तो थांबला, तशी हातातली कढईसुद्धा न ठेवता ती आत धावली.