चौपन्न नंबरचा हिरवा

“तीन वर्षं गाडी फटफटतेय, तेव्हा तुम्ही ढिम्म! आणि आज सकाळी उठल्या उठल्या सायलेन्सर बदलायचा?”

“लोक हसतात,” गाडीखालून उत्तर आलं. बाहेर फक्त नवऱ्याचे दोन पाय दिसत होते, तेही अगदी समांतर.

“लोक तीन वर्षं हसतायत. तुम्हाला आज ऐकू आलं?”

“ताई, टॉर्च जरा डावीकडे धर गं.”

“डावीकडेच धरलाय की रे,” नणंद म्हणाली. ती खुर्ची टाकून गाडीच्या मागे बसली होती. पंच्याहत्तरी उलटली होती तरी घरातल्या कुठल्याही भांडणात तिला पहिल्या रांगेतली जागा लागे. “आणि तू गं, कशाला त्याच्या मागे लागलीस? स्वतःच्या हातानं काही करतोय ना, करू दे.”

इथेच तर पाणी मुरत होतं. लग्नाआधीपासून ही गाडी त्याच्याकडे होती आणि इतक्या वर्षांत त्याने स्वतःच्या हाताने तिला फक्त पुसलं होतं. नकाशे काढणारा माणूस. लोकांच्या घरांच्या भिंती कागदावर सरळ आखण्यात त्याची सगळी नोकरी सरली. नखात काळं गेलं तर जेवण गोड न लागणारा. गॅरेज चार पावलांवर होतं. मग सकाळपासून हा गंजलेल्या बोल्टांवर रॉकेल काय ओततो, जॅक काय लावतो, लाकडाचे ठोकळे काय सरकवतो! गॅरेजवाल्याचं एकच वाईट होतं, त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्याला काही कळू नये अशी गोष्ट आहे तरी कुठली?

कापडाचं माप घ्यावं तशी ती त्या समांतर पायांकडे बघत राहिली. चाळीस वर्षं ती कपडे शिवत होती. दुसऱ्या शिवणवाल्या कापडाची चिंधी घेऊन दोऱ्याच्या दुकानात जायच्या. ही कापड एकदा डोळ्यांखालून घालायची आणि दुकानात जाऊन थेट नंबर सांगून रीळ मागायची. घरी आणल्यावर दोरा कापडात विरघळून जायचा. मुलगी म्हणायची, “आईला इंद्रधनुष्य दाखवलं तर ती खाली नंबर टाकेल.”

तिच्या मनात पाल चुकचुकली होती ती मागच्या गुरुवारी. दर गुरुवारी दुपारी नवरा गाडी काढून ऑफिसातल्या जुन्या मित्राकडे बुद्धिबळ खेळायला जाई. मागच्या गुरुवारी तो बाहेर असताना त्याच मित्राचा फोन आला. “वहिनी, आम्हाला विसरला की काय हा? तीन महिने पट उघडला नाही.” तिने कसंबसं काहीतरी सांगून फोन ठेवला. संध्याकाळी नवऱ्याच्या पुढ्यात चहा ठेवत विचारलं, “कोण जिंकलं?”

“मीच,” तो म्हणाला, आणि बशीत चहा ओतला.

आठ दिवस ते ‘मीच’ तिला टाचणीसारखं टोचत होतं. आणि आता हा सायलेन्सर. पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावर गाडीची फटफट आली की ती मशीन थांबवायची आणि चहाचं आधण ठेवायची. तो किती वाजता गेला, किती वाजता आला, हे सगळं गल्लीला ऐकू येत होतं. आता गाडी मांजरासारखी येणार-जाणार. माणसाला या वयात मांजर व्हायचं असेल तर दूध कुठेतरी ठेवलेलं असणारच!

“अगं, ये जरा खाली,” तो म्हणाला. “नवा पाइप वर धरायला माणूस पाहिजे. ताईला जमणार नाही.”

“मला जमलं असतं, पण परत वर काढायला चौघं लागली असती,” नणंद म्हणाली.

ती जुन्या चादरीवर पाठ टेकून आत सरकली. जुना सायलेन्सर त्याने आधीच करवतीने कापून काढला होता, आणि तिने तो पाहण्याआधी पोत्यात भरून पोत्याचं तोंड सुतळीने आवळलं होतं. भंगारवाला दुपारी येणार होता. तिने नवा सायलेन्सर दोन्ही तळव्यांवर पेलून पुढच्या पाइपात ढकलला. त्याने रबरी कड्या अडकवल्या. उजवीकडची पट्टी झटकन बसली. डावीकडे मात्र पाना बोल्टाच्या बाजूने बोटभर अंतरावरून गेला. पुन्हा गेला. मग त्याने पाना खाली ठेवला आणि बोटांनी चाचपून बोल्ट शोधला, रात्री दिवे गेले की माणूस दाराची कडी शोधतो तसा.

“समोर तर आहे,” ती म्हणाली.

“माहीत आहे. हाताला अंदाज घेतोय.”

तिचे दंड भरून आले होते, तरी नजर त्याच्या बोटांवरून हलली नाही. आयुष्यभर केसाएवढी रेघ मारणारा माणूस. त्याला अंदाज कधीपासून लागायला लागला?

गाडी खाली उतरली, सुरू झाली. आवाज एवढा मऊ की नणंदेने विचारलं, “चालू झाली का?” नवरा खूश होऊन हात धुवायला आत गेला.

तिने शिवणाच्या डब्यातून टाके कापायची उसवणी आणली आणि पोत्याची सुतळी फट्‌दिशी कापली.

“अगं, भंगार ते! त्यात काय बघायचंय?” नणंद खुर्चीतून अर्धी उठली. एवढ्या तातडीने ती जेवायलासुद्धा उठत नसे.

सायलेन्सर गंजलेला होताच. पण त्याची डावी बाजू आत चेपली होती, चांगली वीतभर, आणि चेपलेल्या जागी लोखंडात रंग घासला गेला होता. हिरवा. नुकताच घासलेला. पानाचा नव्हे, पोपटाचाही नव्हे. थोडा पिवळ्याकडे झुकलेला, उन्हात विटलेला. तिने उठून डब्यातलं चौपन्न नंबरचं रीळ काढलं, दोऱ्याचं टोक ओढून त्या घासलेल्या रंगावर धरलं. दोरा दिसेनासा झाला.

हा रंग तिने एकाच ठिकाणी पाहिला होता. दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या मोतीबिंदूच्या वेळी डोळ्यांच्या दवाखान्याच्या आवारात दोघी तासभर बसल्या होत्या. तिथे बागेच्या कडेने दगड रोवून त्यांना रंग दिला होता. तेव्हाच ती म्हणाली होती, “हा बघा ताई, चौपन्न नंबर.”

आता तिने नुसतं रीळ नणंदेच्या पुढे धरलं.

नणंदेने तोंड दुसरीकडे फिरवलं, मग पुन्हा इकडे. “त्यानं शपथ घातली होती गं. माझाच डॉक्टर. तीन महिने जातोय. डावा डोळा गेलाय म्हणे, परत येणार नाही. उजवा टिकवण्यासाठी औषध.”

“आणि गाडी?”

“चालवू नका म्हणून सांगितलंय.”

“म्हणजे गाडी चालवू नका हे ऐकायला हे दर आठवड्याला गाडी चालवत जातात!”

नवरा टॉवेलला हात पुसत दारात उभा होता. उघडं पोतं, सायलेन्सर, रीळ, सगळं त्याने पाहिलं. त्यासाठी एक डोळाही पुरेसा होता.

“तुला घाबरवायचं नव्हतं,” तो म्हणाला. “गाडी बंद झाली की माणूस घरात बसतो. मग घरातलाच होतो. एकदाच लागला तो दगड, पण चेपलेला सायलेन्सर पाहून गॅरेजवाल्याने गल्लीभर केलं असतं.”

आठ दिवसांत तिने मनातल्या मनात एक बाई उभी केली होती. तिला थोडेफार नाक-डोळेही दिले होते. त्या बाईशी भांडायचं तिने ठरवूनही ठेवलं होतं. आता भांडणाला समोर कुणीच नव्हतं आणि राग तर होता तेवढाच होता. गेल्याच महिन्यात हा तिला गणवेशांच्या तीन गठ्ठ्यांसकट शहराच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेला होता. वाटेत तिने दोनदा “अहो, सायकलवाला!” म्हणून ओरडून सांगितलं होतं, आणि त्याने दोन्ही वेळा “दिसला गं” म्हटलं होतं.

“कुठली बाजू दिसत नाही तुम्हाला?”

“डावी.”

“त्या बाजूला मी बसते,” ती म्हणाली.

त्याने टॉवेलची घडी घातली. कडा जुळल्या नाहीत. त्याने उलगडून पुन्हा घातली.

मुलगी ड्यूटीवरून आली तेव्हा ताटं वाढलेली होती. “गाडी दुरुस्त झाली? चला, मग गुरुवारी बाबांचं बुद्धिबळ—” ती म्हणाली आणि तिघांचे चेहरे बघून थांबली.

“बस,” आई म्हणाली. “गाडीची किल्ली माझ्या रिळांच्या डब्यात आहे आणि डब्याला कुणी हात लावायचा नाही. गुरुवारी बाबांना घेऊन मी बसने दवाखान्यात जाणार. आणि सोमवारपासून मी गाडी शिकायला जातेय. मला येईपर्यंत ती जागची हलणार नाही.”