शुभांगीचा विसराळूपणा

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही शुभांगीला ओळखत नाही, म्हणून असेल.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळतो. शुभांगी तिथेच लॅबमध्ये होती, बदलापूर गावातनं यायची. बॅचचा रिपोर्ट सेव्ह केला की त्या फाईलला ती एक चिठ्ठी जोडायची — 'पास', 'पुन्हा तपासा', असं काहीतरी. कागदाची नव्हे हो, फाईलच्याच अंगाला चिकटून राहणारी. मग साहेब आपली चिठ्ठी जोडायचे. या चिठ्ठ्या डिस्कवर कुठे ठेवायच्या ते बघणारी फाइलसिस्टिम आयती मिळालेली, पण तिच्या कोडमध्ये मी माझं डोकं चालवून बदल केलेले. केवढा माज होता मला त्याचा!

आणि शुभांगीच्या चिठ्ठ्या गायब व्हायला लागल्या. सगळ्या नाही, अधूनमधून. ती गळ्याची शपथ घेऊन सांगायची, सर, मी लावली होती. आणि मी? चारचौघांत म्हणायचो, "काय मॅडम, आईवर गेलात का?" तिची आई गॅस पेटवून विसरायची, पुढे पुढे लेकीलाही ओळखेना — हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच म्हणायचो ना! सगळे खिदळायचे. तीही कसंनुसं हसायची, आणि ते बघायला मला — खोटं कशाला बोलू — मजा यायची.

मग ती हसेनाशी झाली. आईच्याच डॉक्टरकडे गेली. गोळ्या सुरू झाल्या.

एकदा माझीच चिठ्ठी गेली, तेव्हा कुठे मी कोड उघडला. दुसरी चिठ्ठी, म्हणजे बहुतेक साहेबांची, आली आणि जागा पुरली नाही, की पहिली उचलून दुसरीकडे न्यायची असते. मी आधी इथली पुसत होतो, मग तिकडे जागा शोधत होतो. डिस्क भरलेली असली की जागा मिळायची नाही, चिठ्ठी दोन्हीकडून जायची. अरे, भाडेकरूसुद्धा आधी नवी खोली बघतो, मग जुनी सोडतो! दोन ओळी खालीवर केल्या, झालं. कोडमध्ये काय बदललं ते नोंदवायच्या रकान्यात लिहिलं, 'किरकोळ साफसफाई'.

चिठ्ठ्या जायच्या थांबल्या. शुभांगीने पेढे आणले — गोळ्या लागू पडल्या, सर! तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर? पण मग लोक मला हसले असते. मी पेढा खाल्ला. दुसराही घेतला.

पुढे तिने नोकरी सोडली. परवा अंबरनाथ पश्चिमेला मेडिकलच्या दुकानात दिसली. त्याच गोळ्या घेत होती. तोंड सुजलेलं, जीभ जड. दिवसभर गुंगी असते म्हणाली, पण सोडायची भीती वाटते. मुलीला आत्ताच सांगून ठेवलंय म्हणे — उद्या मी तुला ओळखलं नाही तर रागावू नकोस हं.

मग मलाच विचारलं, "सर, तुम्हाला काय वाटतं? बंद करून बघू का?"

मी म्हणालो, "नको. चालू ठेवा."