तपासनीसाने न घेतलेला चहा

गुरुनाथ आठल्ये यांनी सव्वीस वर्षांत, तपासायला गेलेल्या एकाही कारखान्यात पाण्याचा घोटही घेतला नव्हता. त्यांचं घर मिशिगनमधल्या नोव्हायला होतं. पण महिन्यातले पंधरा दिवस ओहायो, इंडियाना, केंटकीचे रस्ते आणि मोटेलं यांत जात. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांत जायचं, मापं पडताळायची, नोंदींचे कागद चाळायचे, आणि या लोकांवर विश्वास ठेवावा की नाही हे मोटारकंपनीला कळवायचं, असं त्यांचं काम. संशय हा त्यांचा मूळ स्वभाव होता की धंद्याने लावलेली सवय, हे त्यांच्या पत्नीला, सुमेधाताईंनाही सांगता येत नसे. "पावती हातात असली तरी एकदा माझ्या तोंडाकडे बघून घेतात," एवढंच त्या म्हणत.

बरोबर घरच्या चहाचा थर्मास असे. यजमानांनी कॉफी पुढे केली की गुरुनाथ थर्मासकडे बोट दाखवत. त्यांचे वडील सातारा जिल्ह्यात शाळा तपासत फिरायचे. खेड्यांत त्यांना दिपोटी म्हणत. त्यांच्याजवळ फिरकीचा तांब्या असायचा. दिपोटी कोणाकडचं पाणीसुद्धा घेत नाहीत, असं लोक आदराने सांगत. कोणाच्या घरचं पाणी त्यांनी प्रामाणिकपणा म्हणून नाकारलं आणि कोणाच्या घरचं आणखी कशासाठी, हे मात्र कोणी विचारलं नाही. दोन्ही नकार एकाच तांब्यात मावत होते. मुलाने तांब्याच्या जागी थर्मास आणला, एवढाच फरक.

ऑक्टोबर २००६ मध्ये ते ओहायोतल्या एका जपानी मालकीच्या कारखान्याकडे निघाले. तिथे ब्रेकच्या रबरी नळ्या बनत. बरोबर अनीश होता: सत्तावीस वर्षांचा, पुण्याचा, व्हिसावर येऊन दीड वर्ष झालेला, तपासणीचं काम शिकत असलेला. टोलेडोच्या पुढे थर्मास संपला.

"काका, माझी बाटली घ्या. पण उष्टी आहे हां."

"असू दे रे. तू काय परका आहेस?" गुरुनाथ म्हणाले, आणि त्यांनी बाटली तोंडाला लावली.

कारखान्यात दुसऱ्याच दिवशी संशयाला जागा सापडली. नळीच्या टोकाला धातूची टोपी दाबून बसवतात. दर तासाला दहा नळ्यांच्या टोप्या मोजून कागदावर मापं लिहायची आणि आद्याक्षरं करायची, असा नियम. टोपी सैल राहिली तर ब्रेक दाबताना नळी निसटते. दुसऱ्या पाळीच्या तीन आठवड्यांच्या कागदांवर एकच पेन, एकच तिरकेपणा आणि एकच आद्याक्षरं होती, जणू एकाच बैठकीत लिहिलेली: डी. डब्ल्यू. ज्या दिवशी वीज गेल्यामुळे यंत्रं चार तास बंद होती, त्या दिवशीच्या त्या चार तासांचीही मापं भरलेली होती.

डी. डब्ल्यू. म्हणजे डेलोरिस व्हिटफील्ड. चोपन्न वर्षांची कृष्णवर्णीय बाई, जन्म अलाबामातला, कारखान्यात एकोणीस वर्षं तपासनीस. खोट्या नोंदी तिच्या नावावर राहिल्या तर नोकरी जाणार होती, आणि एकोणीस वर्षांचं नावही. गुरुवारी दुपारी पाळी सुरू होतानाच गुरुनाथांनी तिच्यासमोर कागद धरला. शेजारी पाळीचा सुपरवायझर उभा होता.

"ही अक्षरं तुमची?"

तिने कागद पाहिला, मग सुपरवायझरकडे. "आज मी सहालाच सुटते. मोरियामाबाईंचा वर्ग असतो, ट्रेनिंगच्या खोलीत. तिथे या," ती म्हणाली, आणि परत यंत्राकडे वळली.

मोरियामाबाई कारखान्याच्या प्रमुखाच्या पत्नी. दर गुरुवारी त्या कामगारांना जपानी अक्षरलेखन आणि चहाचा विधी शिकवत. फी नव्हती.

"हा सापळा आहे," गुरुनाथ गाडीत म्हणाले. "प्रमुखाची बायको, फुकटचा वर्ग, आणि जिची चौकशी चालू आहे तीच आपल्याला बोलावते."

"काका, चहाच आहे यार. सापळ्यात कोणी चहा देतं का?"

"चहाच देतात. लाचेचं पाकीट मिळायला तू अजून लहान आहेस."

"मग जाऊ नका. मी एकटा जातो."

"तू गेलास तर दोन कप पिऊन, वर थँक्यू कार्ड देऊन येशील." गुरुनाथांनी घड्याळ पाहिलं. "जायचं. पण काही घ्यायचं नाही."

ट्रेनिंगच्या खोलीत टेबलं भिंतीला सरकवून गवती चटया अंथरल्या होत्या. जादा कामामुळे त्या दिवशी बाकी कोणी आलं नव्हतं. करड्या किमोनोतल्या मोरियामाबाई खाली वाकल्या. गुरुनाथही अर्धवट वाकले आणि त्याच वेळी त्यांनी खोलीत कॅमेरा आहे का ते पाहून घेतलं. नव्हता.

आधी लेखन. बाईंनी नवख्यांना सर्वांत सोपं अक्षर दिलं: एक. म्हणजे डावीकडून उजवीकडे एकच आडवी रेघ. गुरुनाथांची रेघ मध्येच बारीक झाली. त्यांनी कुंचला मागे नेऊन ती भरली. शाई पसरली आणि डाग उठला.

"परत जायचं नसतं," बाई सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. "जशी झाली तशी. पुन्हा गिरवलं की कळतं."

हे खोट्या नोंदींबद्दल तर नव्हे? गुरुनाथांनी त्यांच्या चेहऱ्यावर काही सापडतं का पाहिलं. तिथे कागद वाया गेल्याच्या खंतीपलीकडे काही नव्हतं. अनीशची रेघ चटईपर्यंत गेली होती आणि तो स्वतःवरच हसत होता.

डेलोरिसची रेघ एका श्वासात झाली. वर्गाच्या रिवाजाप्रमाणे तिने कोपऱ्यात पेनने तारीख आणि आद्याक्षरं घातली. गुरुनाथ पुढे झुकले. तिचा डब्ल्यू खाली गोल होता, दोन वाट्या शेजारी ठेवल्यासारखा. कारखान्यातल्या कागदांवरचा डब्ल्यू करवतीच्या दात्यांसारखा टोकदार होता. ही अक्षरं तिची नव्हती. तिच्या नावावर कोणीतरी दुसरं लिहीत होतं.

कुंचला धुताना ती हलक्या आवाजात म्हणाली, "दिसलं ना? कोणी लिहिलंय ते चहानंतर सांगते. सहीनिशी सांगते."

बाईंनी चहा करायला घेतला. प्रत्येक भांडं पुसणं, ठेवणं, पुन्हा पुसणं. पंचवीस मिनिटं कोणी बोललं नाही. गुरुनाथ त्यांचे हात असे पाहत होते, जणू चहात काही मिसळलं गेलं तर तो क्षण निसटू नये. शेवटी हिरवा, पिठल्यासारखा दाट चहा एका काळ्या वाडग्यात तयार झाला. एकाच. हा चहा सर्व पाहुण्यांनी एकाच वाडग्यातून प्यायचा असतो. नवख्यांना पाहून शिकता यावं म्हणून पहिला मान डेलोरिसचा होता. तिने वाडगा हातावर फिरवला, तीन घोट घेतले, ओठ लागलेली कड कागदाने पुसली आणि वाडगा गुरुनाथांपुढे ठेवला.

आता नकार देणं म्हणजे साक्ष गमावणं, एवढं गुरुनाथांना कळत होतं. नियम मोडायची तयारी त्यांनी मनाशी केली. वाडगा उचलला. आणि त्यांच्या हातांनी, त्यांना न विचारताच, वाडगा ओठांपासून वीतभर वर नेला. मान मागे गेली, तोंड उघडलं. लहानपणी दुसऱ्याच्या भांड्यातलं पाणी असंच वरून प्यायला शिकवलेलं होतं.

दाट चहा पाण्यासारखा पडत नाही. तो क्षणभर कडेला अडला, मग गोळा होऊन त्यांच्या हनुवटीवर आणि टायवर आला. बाईंनी निमूटपणे फडकं पुढे केलं. डेलोरिस मनापासून हसली.

"तसं नाही. ओठ लावा. मी पुसलीय ना कड, ही बघा."

गुरुनाथांनी वाडगा खाली ठेवला. "क्षमा करा. आमच्याकडे पद्धत आहे. दुसऱ्याच्या तोंडाला लागलेलं आम्ही घेत नाही."

"कोणाच्याच?"

"कोणाच्याच."

"काका, परवा गाडीत माझ्या बाटलीतून प्यायलात की," अनीश म्हणाला. त्याला वातावरण हलकं करायचं होतं, आणि सर्वांना कळावं म्हणून तो इंग्रजीत बोलला होता.

डेलोरिसचं हसू एकदम गेलं नाही. ते हळूहळू आवरलं गेलं, जसं कोणी ओट्यावरची भांडी आवरावी. तिने गुरुनाथांकडे पाहिलं, मग अनीशकडे, मग वाडग्याकडे. अनीशने वाडगा उचलून ओठ लावून चहा संपवला. पण त्याने आता काही बदलणार नव्हतं. तिने बाईंना वाकून नमस्कार केला, कोट घेतला आणि ती गेली.

शुक्रवारी ओव्हरटाइमसाठी ती सकाळीच आली होती. गुरुनाथ तिच्या सुट्टीच्या वेळी कँटीनमध्ये गेले.

"तुम्ही काही सांगणार होतात."

"होते."

"ती अक्षरं तुमची नाहीत, हे मला माहीत आहे. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"माझ्या तोंडून?" ती शांतपणे म्हणाली. "मी लहान होते तेव्हा आमच्या गावात पाण्याचे दोन नळ होते, मिस्टर आठल्ये, एक गोऱ्यांचा आणि एक आमचा. काल तुम्ही वाडग्याकडे जसं पाहिलंत, तसं पाहणारी माणसं मला ओळखता येतात. तुमच्या देशात याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. पण उद्या चार साहेबांपुढे माझा शब्द की सुपरवायझरचा, असं झालं, तर तुम्ही माझ्या बाजूने उभे राहाल यावर मी का विश्वास ठेवू?"

आयुष्यभर गुरुनाथांनी दुसऱ्यांना तपासलं होतं. आपणही तपासले जाऊ शकतो, असा विचार त्यांना शिवलेला नव्हता. या बाईने एकाच पाहणीत निर्णय दिला होता, आणि व्यावसायिक निकषांवरसुद्धा तो चुकीचा म्हणता येत नव्हता.

दुपारी अनीश लॅपटॉपवर अहवाल भरत होता.

"काका, 'कोणताही पाहुणचार स्वीकारला नाही', हे तसंच ठेवू ना?"

"ठेव."

ते अक्षरशः खरं होतं. चहाचा थेंबही त्यांच्या घशाखाली गेला नव्हता. त्यांच्या प्रामाणिकपणाला तडा गेलाच नव्हता, आणि अडचण नेमकी तिथेच होती: सव्वीस वर्षांत तो कशाकशावर पांघरूण म्हणून पडला होता, हे आता मोजता येणार नव्हतं.

"तिचं अक्षर वेगळं आहे हे लिहायला हवं. पण कुठे पाहिलं ते लिहावं लागेल," अनीश म्हणाला. "वर्गाला गेलो होतो हे कळलं तर तुमची चौकशी लागेल. नाही लिहिलं तर खापर तिच्यावर."

"लिही. गुरुवार संध्याकाळ, ट्रेनिंगची खोली. मी स्वतः पाहिलं. तिचे त्या दिवशीचे कागद मोरियामाबाईंकडे आहेत, तेही लिही."

अनीशने लिहिलं. मग तो थांबला. "पुढचा कॉलम आहे: साक्षीदाराने जबाब का दिला नाही. मॅनेजमेंटची भीती, असं टाकतो. नेहमी हेच असतं."

गुरुनाथांनी तो कॉलम पुन्हा वाचला. भीती हा शब्द सोयीचा होता. त्यात कारखाना दोषी ठरत होता, बाई दयनीय ठरत होती आणि तपासनीस स्वच्छ राहत होता.

"भीती लिहू नकोस. तिला भीती नव्हती."

"मग काय?"

"तपासनीसाच्या वागणुकीमुळे साक्षीदाराचा त्याच्यावरचा विश्वास उडाला, असं लिही."

"काका, कुठली वागणूक ते विचारतील."

"विचारतील," गुरुनाथ म्हणाले. "तेव्हा सांगावं लागेल." आणि सही करण्यासाठी त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला.