टिनाखाली शिकवलेली उष्णता

धडा दरवर्षी तोच असतो, पोरं दरवर्षी नवी येतात. म्हणून विज्ञान शिकवणाऱ्या बाईजवळ किस्से साचत जातात, मागावे लागत नाहीत. मी अकोल्याहून बसनं हिवरखेडकडच्या एका शाळेत जाते. सातवीच्या वर्गावर टिनाचं छप्पर आहे, अन ‘उष्णता’ हा धडा नेमका मार्च सरताना येतो. स्टाफरूममध्ये मी हे सांगते तेव्हा सगळे हसतात. मीही हसते. बसमध्ये बसल्यावर मात्र हसू येत नाही.

* * *

शाळेत एकच चांगला थर्मामीटर. तो हेडसरांच्या ऑफिसातल्या काचेच्या कपाटात, कुलपात. मी मागितला तर हेडसर म्हणाले, “मॅडम, फुटला तर जबाबदार कोण? पोरांना इथूनच दाखवा.”

मग काय, पोरांची रांग लावली अन काचेतून दाखवला. गौरव नावाचा एक तोंडाळ पोरगा आहे. त्यानं काचेला नाक लावून आकडा वाचला अन विचारलं, “मॅडम, हे त कपाटाचं तापमान झालं. आमचं कोण मोजते?”

शेवटी मी अकोल्याहून स्वतःच एक विकत आणला.

* * *

एकदा वर्गात विचारलं, “उष्णता कुठून कुठे जाते?” उत्तर साधं आहे, गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे.

गौरव उठला. “वरून खाली जाते, मॅडम.”

“कशी काय?”

“मोठे साहेब हेडसरवर तापतात, हेडसर तुमच्यावर, अन तुमी आमच्यावर.”

वर्ग खदखदून हसला. मलाही राहवलं नाही. मी म्हटलं, “अन तू रे, तू कोणावर तापतोस?”

“घरी लहान बहीण हाये ना.”

पोरं पुन्हा हसली. मी फळा पुसायला वळले. त्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

* * *

पुस्तकात एक प्रयोग आहे. लाकडाला अन लोखंडाला हात लावा, लोखंड जास्त थंड लागतं. आमच्या पोरांनी दुपारी बाकाच्या लोखंडी पायाला हात लावला अन झटकन मागे घेतला.

“मॅडम, पुस्तक खोटं बोलून राहिलं,” अल्फिया म्हणाली. ही वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. तिच्या अब्बांचं अंजनगावला कापडाचं दुकान आहे, ही मात्र इथं नानीजवळ राहून शिकते.

मला तर आनंदच झाला. थर्मामीटर लावला. वर्गाचं तापमान हातापेक्षा जास्त निघालं. मी समजावलं, पुस्तकातल्या खोलीत हात गरम असतो, म्हणून लोखंड हाताची उष्णता ओढून घेतं. इथं लोखंडच हाताला उष्णता देतं. पूर्ण वर्गाला कळलं. असा तास वर्षातून एखादाच होतो.

पुढे चाचणीत तोच प्रश्न आला. पेपर बाहेरच्या शाळेत तपासले गेले. अल्फियानं लिहिलं होतं, ‘लोखंड गरम लागते’, अन खाली कारणही अगदी बरोबर दिलं होतं. त्यावर लाल फुली.

मी हेडसरांकडे गेले. त्यांनी वाचलं, मान हलवली. “बरोबर आहे तिचं. पण आदर्श उत्तरात थंड आहे. आता कुठे भांडता?”

अल्फियाला मी फुली पडलेला पेपर परत दिला. तीच म्हणाली, “जाऊ द्या मॅडम. आता पुढच्या वक्ती मी पुण्यात बसून रायली असं समजून लिहीन.”

* * *

पांढरा रंग ऊन परतवतो, हे शिकवल्यावर पोरांनीच मागणी केली, की टिनाला चुना लावा. मी अर्ज दिला. अन खरंच चुना आला.

त्याच आठवड्यात शिक्षण खात्याच्या मोठ्या साहेबांची भेट ठरली. हेडसरांनी तो सगळा चुना गेटपासून ऑफिसपर्यंतच्या दगडांना लावून घेतला. मी म्हटलं, “सर, हा छपरासाठी होता.”

“साहेब काय छपरावर चढून पाहणार आहेत?”

गौरव दगडांच्या रांगेकडे बघत होता. म्हणाला, “मॅडम, दगडायले लय ऊन लागत होतं काय?”

* * *

वैष्णवी मागच्या बाकावर बसायची. मामाकडे राहते. तिचा आवाज फक्त हजेरीत ऐकू यायचा.

त्या दिवशी धातू उष्णतेचे सुवाहक असतात, हे दाखवायचं होतं. तांब्याची जाड तार आणली, मेणबत्ती लावली. तारेचं एक टोक ज्योतीवर, दुसरं हातात. म्हटलं, “एकेकानं धरा, अन काय वाटते ते सांगा.”

गौरवनं धरली अन “अरे बाप्पा” म्हणत टाकून दिली. अल्फियानं टोकाला ओढणी गुंडाळली, मग धरली. मी खूश झाले अन वर्गाकडे तोंड करून कापड दुर्वाहक कसं, ते सांगत बसले. तार वैष्णवीच्या हातात गेली होती.

सांगून झालं अन वळून पाहिलं, तर ती तशीच उभी. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी, तार ज्योतीवर. मी झडप घालून तार ओढली. मलाच चटका बसला. तिची बोटं पांढरी पडली होती. तिला नळाकडे नेलं, हात धारेखाली धरला.

“चटका लागत नव्हता का गं?”

“लागत होता.”

“मग सोडली काहून नाही?”

तिनं माझ्याकडे पाहिलं.

“तुमी सोड म्हणलं नाई, मॅडम.”